संस्थेचा पुढचा काळ : आखणीच्या पद्धती आणि त्यांच्या अटी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे संस्थेच्या पुढील वाटचालीची आखणी कशी करावी याविषयीची आहेत. पत्रे लांब असल्याने प्रश्न संक्षेपाने दिले आहेत. पहिल्या प्रश्नाला उत्तरात जास्त जागा दिली आहे, कारण तो अनेक संस्थांना पडणारा आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा शतकोत्तर रौप्यमहोत्सव दोन वर्षांवर आला आहे. एका कंपनीने सामाजिक उत्तरदायित्व निधीतून मदत देण्याची तयारी दाखवली असून त्यासाठी पाच वर्षांचा आराखडा मागितला आहे. कार्यकारिणीत यावर चार मते आहेत. बँकेतून निवृत्त झालेले आमचे कोषाध्यक्ष म्हणतात, वर्षवार उद्दिष्टे आकड्यांत ठरवावीत. महाविद्यालयात शिकवणाऱ्या एक सदस्या म्हणतात, आधी बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा तक्ता करावा. एका तरुण सदस्याचे म्हणणे, पंधरा वर्षांनंतरच्या वाचनालयाचे चित्र काढावे आणि तेथून मागे येत आजची कामे ठरवावीत. अध्यक्ष म्हणतात, सव्वाशे वर्षे आराखड्यावाचून गेली, पुढेही जातील. आमचे सभासद अकराशेवरून चारशेवर आले आहेत. अभ्यासिकेत मात्र सकाळी सातनंतर खुर्ची मिळत नाही. कोणती पद्धत घ्यावी?
— कार्यवाह, एक वाचनालय, सातारा जिल्हा

उत्तर : आपले पत्र दोनदा वाचल्यावर माझे मत असे झाले की आपल्या कार्यकारिणीत मतभेद वाटतो तेवढा नाही, चौघे चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत, एवढेच. आखणीची प्रत्येक पद्धत काही गोष्टी ठरलेल्या आहेत असे धरून चालते आणि उरलेल्या गोष्टींचा शोध घेते. आपल्या संस्थेत ज्या गोष्टी ठरलेल्या नाहीत त्याच एखादी पद्धत ठरलेल्या धरत असेल, तर ती पद्धत कितीही नावाजलेली असली तरी आपल्या उपयोगाची नाही.

कोषाध्यक्षांची पद्धत आपल्याला सर्वांत परिचित आहे, कारण १९५१पासून २०१७पर्यंत पंचवार्षिक योजनांच्या रूपाने देशाचा कारभार बहुतांशी तिच्यावरच चालला. संस्थेने काय करायचे हे ठरलेले आहे आणि भोवतालची परिस्थिती फारशी बदलणार नाही, असे ती धरते. मग उरते ते किती आणि केव्हा, एवढेच. तिचा फायदा मोठा आहे. काम कोणाचे हे लिहिले जाते आणि वर्षाअखेरीस कोणाला विचारायचे तेही कळते. मात्र परिस्थिती स्थिर राहील ही तिची अट मोडली की ती अडते. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात १९६२ आणि १९६५ची युद्धे झाली, दुष्काळ पडला, आणि १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे देशाला वार्षिक योजनांवर काढावी लागली. धनंजयराव गाडगीळ योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले ते याच काळात, १९६७ साली. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी त्यापूर्वी सांभाळले होते, म्हणजे एका संस्थेचा हिशेब आणि देशाचा हिशेब हे दोन्ही त्यांनी जवळून पाहिले होते. अशी माणसे योजनाकारांत विरळाच.

या पद्धतीचा दुसरा धोका मी स्वतः अनुभवला आहे. मी ज्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो, तेथे तीन वर्षांत सभासदसंख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठरले आणि ते दोनच वर्षांत पूर्ण झाले. सर्वसाधारण सभेत टाळ्याही पडल्या. पुढे एका दुपारी मी देवघेव विभागातील नोंदवही चाळत बसलो, तेव्हा दिसले की रोज बाहेर जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जेथे होती तेथेच आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून वाचनालयाच्या सभासदत्वाचा अर्ज भरून घेतला जात होता. त्यातील बहुतेकांनी एकही पुस्तक कधी घरी नेले नव्हते. कोणी खोटे काही केले नव्हते. उद्दिष्ट आकड्याचे होते आणि आकडा गाठला गेला होता.

चार रकान्यांच्या तक्त्याबद्दल, ज्याला सगळे स्वॉट म्हणतात, मी थोडक्यात सांगतो. तो करायला हरकत नाही, पण एका बैठकीत उरकावा. एसटी स्थानकाच्या रस्त्यावरची आपली जुनी इमारत घ्या. जागा मोक्याची म्हणून ती बलस्थानांत येईल, छत गळते म्हणून उणिवांत येईल, दर्शनी भागात गाळे काढता येतील म्हणून संधींत येईल आणि रस्ता रुंदीकरणात ओटा जाईल म्हणून धोक्यांतही येईल. एकच इमारत चारही रकान्यांत बसते आणि तिचे काय करायचे हे मात्र तक्ता सांगत नाही. तक्ता माहिती गोळा करतो. निवड करणे हे त्याचे काम नव्हे, आणि आपल्याला निवड करायची आहे.

तरुण सदस्याने सुचवलेली पद्धत ऊर्जा आणि पर्यावरण यांच्या धोरणात पुष्कळ वापरली गेली आहे. आहे त्याच दिशेने जात राहिलो तर जेथे पोहोचू ते ठिकाण आपल्याला नकोच आहे, अशी खात्री असते तेव्हा ती उपयोगी पडते. कारण आजच्या प्रवाहाचा अंदाज बांधत पुढे जाण्याऐवजी ती हव्या असलेल्या टोकापासून निघते. अट एवढीच की ते टोक कोणते यावर एकमत हवे. आपल्या कार्यकारिणीतील अकरा किंवा तेरा जणांना वेगवेगळे बसवून पंधरा वर्षांनंतरच्या वाचनालयाचे चित्र लिहायला सांगितले, तर माझा अंदाज आहे की निम्म्यांच्या चित्रात पुस्तकांची कपाटे असतील आणि निम्म्यांच्या चित्रात टेबले, वायफाय आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले. हा प्रयोग मात्र जरूर करावा, कारण दुमत कोठे आहे ते त्यातून कागदावर येईल.

अध्यक्षांच्या मताला मी जुन्या पिढीचे म्हणून बाजूला सारणार नाही. चार्ल्स लिंडब्लोम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९५९मध्ये असेच काहीसे मांडले होते : प्रशासनातील माणसे सर्व पर्याय समोर ठेवून निर्णय घेत नाहीत, आहे त्यात थोडा बदल करतात, परिणाम पाहतात आणि पुढचे पाऊल टाकतात, आणि बऱ्याचदा हेच शहाणपणाचे असते. पण सव्वाशे वर्षे आराखड्यावाचून गेली याचा अर्थ ती निर्णयावाचून गेली असा नाही. अभ्यासिका कोणीतरी एका बैठकीत सुरू केलीच होती. म्हणून माझी सूचना अशी की गेल्या दहा वर्षांची इतिवृत्तांची पुस्तके काढावीत आणि ज्या ठरावांमुळे संस्थेत खरोखर काही बदलले, त्यांपुढे पेन्सिलीने खूण करावी. खुणा दहा-बारापेक्षा जास्त होतील असे मला वाटत नाही. त्या ओळीने वाचल्या की आपली संस्था न बोलता कोणत्या दिशेने चालली आहे ते दिसेल. आराखड्याची सुरुवात येथून व्हावी.

आता मुख्य गोष्ट. आपण पत्रात जे दोन आकडे सहज लिहून गेलात, त्यांतच आपला खरा प्रश्न आहे. सभासद अकराशेचे चारशे झाले आणि अभ्यासिका तुडुंब आहे, याचा अर्थ गावाला या वास्तूचा उपयोग आहे, पण संस्थेने ज्यासाठी ती उभारली त्यासाठी नव्हे. पुस्तके घरी देणारी संस्था राहायचे, बसून अभ्यास करण्याची जागा व्हायचे, की दोन्ही सांभाळायचे आणि कोणत्या प्रमाणात, हे ठरल्याशिवाय वरची कोणतीही पद्धत पुढे सरकणार नाही. ते केवळ कार्यकारिणीच्या मर्जीवरही नाही. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला अनुदान मिळते ते ग्रंथालय म्हणून. अ, ब, क, ड वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके, वाचक सभासद अशा निकषांवर. संस्थेच्या घटनेतील उद्देशच बदलायचे असतील तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार विशेष सर्वसाधारण सभेत तीन पंचमांश मते लागतात, आणि एक महिन्यानंतर दुसरी सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने तो ठराव कायम करावा लागतो. गाळे काढून भाड्याने देण्याचा विचार असेल, तर सार्वजनिक न्यासाच्या इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही, हेही आराखड्यात उत्पन्नाचे आकडे घालण्यापूर्वी पाहावे. अशा परवानगीला वेळ लागतो आणि तो वेळ आराखड्यात कोणीच धरत नाही.

तेव्हा आपल्यासाठी मी प्रश्नांपासून निघणारी आखणी सुचवतो. मोठे, अडलेले प्रश्न तीन किंवा चारच निवडावेत : प्रयोजन कोणते, इमारतीचे काय, पूर्णवेळ ग्रंथपालाचा पगार कोठून आणि (हा प्रश्न सहसा कोणी लिहीत नाही) आपल्यानंतर कार्यकारिणीत येणार कोण. प्रत्येक प्रश्नाला दोघांची जोडी नेमावी, सहा महिन्यांत पर्याय आणि खर्च मांडून निर्णय घ्यावा, आणि निर्णय झालेल्या विषयापुरतीच कोषाध्यक्षांची उद्दिष्टे लिहावीत. म्हणजे त्यांची पद्धत टाकायची नाही. ती दुसऱ्या क्रमांकावर न्यायची. पुढे दरवर्षी सरलेले वर्ष काढून एक नवे वर्ष जोडत जावे. जनता सरकारच्या काळात, १९७८मध्ये, योजना आयोगाने हीच सरकती योजना आणली होती. १९८०मध्ये सरकार बदलले आणि ती गुंडाळली गेली, पण छोट्या संस्थेला तिचा आकार चांगला मानवतो.

राहिला कंपनीचा आग्रह. सामाजिक उत्तरदायित्वाविषयीच्या, कंपनी कायद्याच्या कलम १३५खालील नियमांत चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे धरलेली आहे. म्हणजे पाच वर्षांचा आराखडा मागणाऱ्या देणगीदाराचे स्वतःचे बांधील वचन एवढे लांबचे नसते. त्यांना पहिल्या तीन वर्षांची कामे आकड्यांसह द्यावीत, पुढील दोन वर्षांसाठी फक्त दिशा लिहावी, आणि असे का लिहिले तेही मोकळेपणाने सांगावे. निधी थांबल्यावर कोणता खर्च संस्थेच्या अंगावर पडेल याचे एक स्वतंत्र पान आपल्यासाठी लिहून ठेवावे. ते त्यांना दाखवलेच पाहिजे असे नाही.

प्रश्न : आमची कांदा उत्पादकांची कंपनी आहे. सल्लागाराने पाच वर्षांच्या विक्रीचा अंदाज करून दिला, त्यावर बँकेकडे साठवणूक आणि प्रतवारीच्या शेडसाठी प्रस्ताव जाणार आहे. अंदाजात दरवर्षी विक्री ठरावीक टक्क्यांनी वाढत जाते. कांद्याच्या बाबतीत असे काही धरता येते का? एका प्रशिक्षणात अनेक भविष्यचित्रे मांडण्याच्या पद्धतीबद्दल ऐकले. ती आमच्यासारख्यांना झेपेल का?
— एक संचालक, शेतकरी उत्पादक कंपनी, नाशिक जिल्हा

उत्तर : बँकेला तो तक्ता लागतो म्हणून द्यावा, पण त्यावर स्वतः विश्वास ठेवू नये. आपल्याला मी नव्याने सांगावे असे नाही : ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. मे २०२४मध्ये ती ५५० डॉलरच्या किमान किमतीसह आणि ४० टक्के शुल्कासह उघडली, सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५पासून तेही उठले. त्याआधी २०१९ आणि २०२०च्या सप्टेंबरांतही बंदी आलीच होती. अशा मालाची विक्री दरवर्षी सरळ रेषेत चढताना दाखवणारा आलेख हा नियोजनाचा कागद नव्हे, अर्जाला जोडण्याचा कागद आहे.

आपण ऐकलेली पद्धत प्रसिद्ध झाली ती शेल या तेल कंपनीमुळे. हर्मन कान यांनी अमेरिकेत संरक्षणविषयक अभ्यासासाठी तिची मांडणी केली होती. शेलमध्ये पिएर वॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेलाचा भाव स्थिर राहणार नाही असे चित्र व्यवस्थापकांपुढे मांडले. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल अडवले आणि काही महिन्यांतच भाव सुमारे चौपट झाला, तेव्हा या कंपनीच्या लोकांनी निदान त्या प्रसंगाचा विचार आधी करून ठेवलेला होता. वॅक यांनी भविष्य सांगितले अशी ही गोष्ट नाही, आणि प्रशिक्षणात ती तशी सांगितली असेल तर विसरून जावी. एकच अंदाज खरा धरून बसण्याची सवय त्यांनी मोडली, एवढेच त्यांचे काम.

आपल्याला हे झेपेल. त्यासाठी संगणकाचीही गरज नाही. दोन गोष्टी अशा निवडाव्यात की ज्यांवर आपला ताबा नाही आणि ज्यांच्यावर सगळे फिरते. कांद्यात त्या उघड आहेत : निर्यात खुली की बंद, आणि उन्हाळ कांदा भरपूर की कमी. त्यांच्या जोडणीतून चार चित्रे होतात. प्रत्येक चित्राची एक पानभर हकीकत लिहावी, आणि ती एप्रिलपासून महिन्यांच्या क्रमाने लिहावी : काढणी, चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये) भरणी, जूनचा पाऊस, सडीचे प्रमाण, ऑगस्टमध्ये चाळ फोडायची की थांबायचे, लाल कांदा बाजारात येईपर्यंत हातात किती माल उरतो. हकीकत लिहिताना सभासदांतील जो शेतकरी सर्वांत जास्त वाद घालतो त्याला शेजारी बसवावे. मग आपला शेडचा निर्णय या चारही चित्रांतून चालवून पाहावा : अमुक एवढे कर्ज घेतले, तर निर्यात बंद आणि पीक भरपूर या वर्षी हप्ता कशातून जाईल? या एका प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.

बहुधा असे आढळेल की प्रतवारीचे यंत्र चारपैकी तीन चित्रांत उपयोगी ठरते, कारण एकसारखा माल देशातल्या मोठ्या खरेदीदारालाही हवा असतो. पूर्ण क्षमतेची साठवणूक मात्र एखाद्या चित्रातच फळते. तसे असेल तर साठवणूक टप्प्याटप्प्याने बांधावी. कोणते चित्र खरे होण्याची शक्यता किती टक्के, याच्या चर्चेत मात्र शिरू नये. तेथे शिरले की प्रत्येक जण आपल्या आवडीच्या चित्राला साठ टक्के देतो आणि आपण फिरून एकाच अंदाजावर येऊन बसतो.

प्रश्न : परप्रांतातील आमच्या महाराष्ट्र मंडळात मरगळ आली आहे. पुढील नियोजनासाठी बोलावलेली प्रत्येक बैठक तक्रारींत संपते. समस्यांची यादी चाळीस कलमांची झाली, कामाला मात्र कोणी पुढे येत नाही. काय करावे?
— एका महाराष्ट्र मंडळाच्या पदाधिकारी

उत्तर : ती यादी काही दिवस कपाटात ठेवावी. आपल्यासाठी डेव्हिड कूपररायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत मांडलेली पद्धत योग्य आहे. तिला मी गुणशोध म्हणतो. ती काय बिघडले हे विचारत नाही, काय साधले होते आणि का साधले हे विचारते. सभासदांना दोघादोघांत बसवून एकमेकांना एवढेच विचारायला सांगावे की या मंडळात आपल्याला खरोखर आनंद झाला असा प्रसंग कोणता, आणि त्या दिवशी कोण काय करत होते. पदाधिकाऱ्यांनी उत्तरे फक्त लिहून घ्यावीत. मला अपेक्षा अशी आहे की मोठ्या कलाकाराच्या कार्यक्रमापेक्षा गणेशोत्सवात मुलांकडून बसवून घेतलेली नाटुकली किंवा दिवाळीच्या फराळासाठी सकाळपासून एकत्र केलेली भाजणी जास्त वेळा निघेल, म्हणजे लोक प्रेक्षक नव्हते ते प्रसंग. तसे झाले तर पुढील वर्षाचे कार्यक्रम कोणत्या प्रकारचे असावेत ते त्यातच आले.

एका ठिकाणी ही पद्धत वापरू नये. मरगळीच्या मुळाशी हिशेबाचा वाद असेल, म्हणजे गेल्या दोन वर्षांचे ताळेबंद सभेपुढे आले नसतील, तर आनंदाचे प्रसंग आठवायला सांगणे लोकांना टाळाटाळ वाटेल आणि त्यांचे चूक नसेल. आपल्या पत्रात चाळीस कलमांची यादी आहे, पण ती कलमे कोणती ते नाही. त्यात ताळेबंद असेल तर आधी तो मांडावा, आणि बैठक त्यानंतरच्या रविवारी ठेवावी.